छप्पन हजारांचा वायदा

१९९८ च्या सुमारास घरगुती संगणकासाठीं जो मोडेम विकत मिळे, त्याच्या वेष्टनावर '५६ के' हीं अक्षरें ठळकपणें छापलेलीं असत. दर सेकंदास ५६,००० बिट माहिती आणण्याचें सामर्थ्य, असा त्यांचा अर्थ. परंतु यंत्र टेलिफोनला जोडल्यावर पडद्यावर दिसणारा आंकडा बहुधा चाळीस ते पन्नास हजारांच्या दरम्यान असे; कित्येक घरीं तर तोहि गांठला जात नसे. जेथें टेलिफोनचें बिल वेळावर वाढे, तेथें हा फरक केवळ कुतूहलाचा नव्हता, पैशाचाहि होता. मग यांत लबाडी कोणाची?

टेलिफोनची तार मूळ मनुष्याच्या बोलण्यासाठीं घातलेली. सेकंदास सुमारें ३०० पासून ३,४०० पर्यंत कंपनें असलेला ध्वनि तिच्यांतून जाई, कारण संभाषण समजण्यास तेवढा पुरे. मोडेमचें काम संगणकाच्या शून्य-एकाच्या भाषेचें अशा सुरांत रूपांतर करण्याचें. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानें १९४८ मध्यें सिद्ध केलें कीं, कोणत्याहि मार्गाची माहिती वाहण्याची शक्ति त्याची रुंदी आणि त्यांतील खरखर यांवरून ठरते. चांगल्या टेलिफोन तारेसाठीं हें गणित केल्यास उत्तर पस्तीस हजारांच्या आसपास येतें. ३३,६०० चे मोडेम १९९६ मध्यें आले, तेव्हां जुन्या पद्धतीची मजल जवळजवळ संपलीच होती.

मग छप्पन हजार आले कोठून? तोंपर्यंत टेलिफोन केंद्रांमधील वाहतूक अंकरूप झाली होती. केंद्र आवाजाचें सेकंदास ८,००० वेळां माप घेई व प्रत्येक माप आठ बिटांत लिही. म्हणजे ६४,००० बिट. इंटरनेट पुरविणारी कंपनी या अंकरूप जाळ्यास थेट जोडलेली असल्यास माहिती ग्राहकाच्या केंद्रापर्यंत अंकांतच येई, आणि सुरांत रूपांतर एकदांच, शेवटच्या टप्प्यांत होई. अमेरिकेंतील कित्येक वाहिन्यांवर आठवा बिट अधूनमधून केंद्रांच्या आपसांतील इशाऱ्यांसाठीं वापरला जाई. म्हणून सातच बिट भरंवशाचे धरले. सात गुणिले आठ हजार, म्हणजे छप्पन हजार. १९९८ मध्यें 'व्ही. ९०' हें आंतरराष्ट्रीय प्रमाण याच तत्त्वावर ठरलें.

परंतु या आंकड्यास आरंभापासूनच कात्री लागे. शेजारच्या तारांत खरखर उमटूं नये म्हणून अमेरिकेंत तारेवरील विद्युत्-शक्तीस सरकारी मर्यादा होती. तिच्यामुळें तेथें ५३,३०० च्या पुढें जातां येत नसे. हा वेगहि येणाऱ्या माहितीचाच; घरून पाठविण्याचा वेग ३३,६०० वरच थांबे. कचेरींतील अंतर्गत टेलिफोन-यंत्रणेमुळें रूपांतर दोनदां झालें, कीं सारा लाभ नाहींसा होई. त्यांतच केंद्रापासूनचें अंतर, गंजलेले सांधे, पावसाळ्यांतील ओल यांची भर पडे. जोडणीच्या वेळीं ऐकूं येणारा कर्कश आवाज म्हणजे दोन मोडेमांनीं तारेची घेतलेली परीक्षाच होय. त्या परीक्षेंत तार जेवढी उतरे, तेवढाच वेग ठरे. मध्येंच खरखर वाढल्यास तो आणखी खालीं येई.

शिवाय जाहिरात बिटांत बोले आणि संगणक बाइटांत मोजी. आठ बिटांचा एक बाइट. दहा लक्ष बाइटांचें चित्र छप्पन हजारांच्या वेगानें सुमारें १४३ सेकंदांत यावयास हवें. चाळीस हजारांच्या वेगानें त्यास २०० सेकंद लागत, आणि चुकलेले तुकडे पुन्हां मागवावे लागल्यास त्याहूनहि अधिक.

तात्पर्य, वेष्टनावरील आंकडा निव्वळ खोटा नव्हता; तो अत्युत्तम परिस्थितींतील वरची सीमा होता. खोटेपणा होता तो सीमेस वचनाचें रूप देण्यांत. मोडेमांचे दिवस सरले, तरी जाहिरातींतील 'पर्यंत' हा लहानसा शब्द अद्याप टिकून आहे. आणि सुज्ञ ग्राहकानें दर भरण्यापूर्वीं वाचावयाचा तो तोच.