विश्लेषण : फुफ्फुसाच्या कर्करोगावरील जनुकीय उपचारांना उष्णतेचे बळ मिळेल का?

‘गरम नारळपाणी प्या, कर्करोगाच्या पेशी मरतात’ असा संदेश काही वर्षांपूर्वी टाटा मेमोरियल सेंटरचे तत्कालीन संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावाने मोबाइलवर फिरला. रुग्णालयाने तो खोटा असल्याचे जाहीर केले. भूगावातील एखाद्या सोसायटीच्या ग्रुपवर तो उद्या पुन्हा आला, तर पुढे पाठवण्याआधी थांबायला हवे. मात्र उष्णता आणि कर्करोग यांचा संबंध खोटा नाही. जनुकीय उपचार अधिक नेमके करण्यासाठी उष्णता वापरण्याचे प्रयोग जगभर सुरू आहेत. ते काय आहेत आणि रुग्णाला त्यांचा उपयोग कधी होईल?

जनुकीय उपचार म्हणजे काय?

पेशींमध्ये नवे किंवा दुरुस्त जनुक पोहोचवून आजाराशी लढणे म्हणजे जनुकीय उपचार. फुफ्फुसाच्या कर्करोगात ‘पी ५३’ हे जनुक अनेकदा बिघडलेले असते. बिघडलेल्या पेशीची वाढ रोखणे किंवा तिला संपवणे हे त्याचे काम. अमेरिकेतील एमडी अँडरसन कर्करोग केंद्राचे डॉ. जॅक रॉथ यांच्या चमूने १९९६ मध्ये विषाणूच्या मदतीने हे जनुक फुफ्फुसाच्या गाठीत सोडल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नऊ रुग्णांपैकी तिघांच्या उपचार केलेल्या गाठी आकसल्या. मात्र जनुक गाठीतल्या सगळ्या पेशींपर्यंत पोहोचत नाही, हा अडथळा तेव्हापासून कायम आहे.

उष्णता नेमके काय करते?

येथे उष्णता म्हणजे साधारण ४० ते ४३ अंश सेल्सिअस, म्हणजे तापात चढतो तितका किंवा त्याहून थोडा अधिक पारा. त्याचे दोन फायदे आहेत. एक, गाठीतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि औषध किंवा जनुक वाहून नेणारे कण आत शिरणे सोपे होते. दुसरा फायदा अधिक महत्त्वाचा आहे. तापमान वाढले की पेशी स्वतःच्या बचावासाठी ‘हीट शॉक प्रथिने’ तयार करते. ही निर्मिती सुरू करणारी जी कळ जनुकाच्या आधी असते, ती शास्त्रज्ञांनी उपचाराच्या जनुकाला जोडली. त्यामुळे ते जनुक शरीरभर पोहोचले तरी मुख्यतः तापवलेल्या जागीच जागे होते. निरोगी अवयवांवरचे दुष्परिणाम कमी करणे हा यामागचा हेतू.

हे प्रयोग कुठवर आले?

अमेरिकेतील जॉर्जिया टेकमधील गेब क्वाँग यांच्या चमूने २०२१ मध्ये अशी उष्णतेची कळ बसवलेल्या ‘कार-टी’ पेशी उंदरांवर वापरल्या. सोन्याचे सूक्ष्म कण आणि लेझर यांनी गाठ तापवली, की या पेशी तिथेच जादा लढाऊ प्रथिने तयार करत. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील पीटर वाँग यांच्या गटाने लेझरऐवजी अल्ट्रासाउंड वापरून असाच परिणाम साधला. तोही उंदरांवरच.

महाराष्ट्र कुठे आहे?

उपचाराचे दोन्ही धागे राज्यात आहेत, पण ते अजून जुळलेले नाहीत. पहिला धागा उष्णतेचा. आयआयटी मुंबईतील रोहित श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेने खारघरच्या ‘अॅक्ट्रेक’मधील संशोधकांसह, प्रकाश पडताच तापणारे आणि नंतर शरीरात विघटन होणारे सोन्याचे सूक्ष्म कण उंदरांवर तपासले. ते काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरा धागा जनुकांचा. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि ‘इम्युनोअॅक्ट’ यांनी विकसित केलेल्या ‘नेक्सकार१९’ या देशी कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्याचे अनावरण केले. परदेशात तीन-चार कोटी रुपयांना पडणारा असा उपचार येथे सुमारे ४० लाखांत आला. तो काही रक्तकर्करोगांसाठी आहे, फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी नाही.

फुफ्फुसच अवघड का?

फुफ्फुस छातीत खोल आहे आणि प्रत्येक श्वासागणिक हलते. त्यात हवा भरलेली असल्याने अल्ट्रासाउंड पुढे सरकत नाही. लेझरचा प्रकाशही फार खोल जात नाही. वाहते रक्त उष्णता काढून नेते, त्यामुळे गाठीचा एक भाग तापतो, दुसरा थंड राहतो. शिवाय हीट शॉक प्रथिने कर्करोगाच्या पेशींनाही वाचवतात. उष्णतेवर आधारित उपचारांना अपयशही आले आहे. तापवल्यावर औषध सोडणाऱ्या ‘थर्मोडॉक्स’ची यकृताच्या कर्करोगावरील मोठी चाचणी २०१३ मध्ये उद्दिष्ट गाठू शकली नाही.

गाठ सुईने जाळण्याचा ‘अॅब्लेशन’ हा उपचार मात्र निवडक रुग्णांमध्ये आजही होतो. त्यात उष्णता कितीतरी जास्त असते आणि जनुकाशी त्याचा संबंध नसतो.

मग रुग्णाने काय करावे?

भूगावहून परळचे टाटा रुग्णालय सुमारे दीडशे किलोमीटर. नव्या उपचाराच्या आशेने हा प्रवास करण्याआधी घराजवळची तपासणी चुकवू नये. तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, थुंकीतून रक्त, अकारण घटलेले वजन ही लक्षणे क्षयरोगाशी मिळतीजुळती आहेत. त्यामुळे थुंकीची तपासणी न होता क्षयाच्या गोळ्या सुरू होतात आणि कर्करोगाचे निदान लांबते. गोळ्यांनी फरक पडत नसेल तर सीटी स्कॅन आणि गाठीच्या तुकड्याची तपासणी यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. निदान झाल्यावर ईजीएफआर, एएलके या जनुकांतील बदल तपासून घ्यावेत. ते आढळले तर त्यांच्यावर थेट काम करणाऱ्या गोळ्या आज उपलब्ध आहेत. ‘जनुकानुसार उपचार’ रुग्णाला सध्या मिळतो तो या रूपात.

कुणी ‘उष्णतेने जनुकीय उपचार’ देऊ करत असेल, तर एक प्रश्न पुरेसा आहे : या चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय? देशातील औषधांच्या वैद्यकीय चाचण्यांची नोंद या सरकारी नोंदवहीत २००९ पासून बंधनकारक आहे. प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घेणेही अपेक्षित नाही. क्रमांक मिळत नसेल आणि आगाऊ रक्कम मागितली जात असेल, तर तिथून परत फिरावे. कर्करोगात पैशांइतकीच वाया गेलेली वेळही महाग पडते.