कोंबडीबाजाराचें पाणी व आपलें घर

‘आमच्या घरीं मांसाचा स्पर्शही नाहीं, कोंबडीबाजाराची चर्चा आम्हांस कशाला?’ असें कांहीं वाचक विचारतील. आमचें उत्तर असें कीं, हा प्रश्न आहाराचा नसून औषधाचा आहे. आणि औषधाचें काम शाकाहारी घरासही पडतें.

नवी मुंबईच्या बाजारांत जिवंत कोंबड्या पिंजऱ्यांतून येतात व गिऱ्हाइकासमोर कापल्या जातात. मागें उरतात पिसें, रक्त, आंतडीं आणि विष्ठा. त्यांत ई. कोलाय, साल्मोनेला यांसारखे जंतु असतात. अनुकूल उष्णता व अन्न मिळाल्यास ई. कोलाय सुमारें २० मिनिटांत दुप्पट होतो. या हिशेबानें एकाचे ७ तासांत २० लाखांहून अधिक होतात. सकाळची घाण सायंकाळपर्यंत पडूं देणें किती घातक, हें यावरून कळेल.

परंतु खरी चिंता निराळी आहे. कुक्कुटपालनांत प्रतिजैविक औषधें केवळ आजारी पक्ष्यांस नव्हे, तर वजन लवकर वाढावें म्हणून खाद्यांतूनही दिलीं गेलीं. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेनें २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या तपासणींत ७० नमुन्यांपैकीं ४० टक्क्यांत अशा औषधांचे अंश आढळले. अल्प मात्रेनें दुबळे जंतु मरतात, चिवट उरतात. इतकेंच नव्हे, तर औषधास दाद न देण्याचा गुण ते शेजारच्या परजातीय जंतूंसही देऊं शकतात. कोलिस्टिन हें वैद्यकाच्या भात्यांतील अखेरच्या बाणांपैकीं एक. त्यावर मात करणारा असा संक्रमणशील गुण चीनमध्यें आढळल्याचें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. भारत सरकारनें जुलै २०१९ मध्यें कोंबड्या व इतर खाद्यपशूंसाठीं त्याची विक्री बंद केली. पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग यांनीं अपुऱ्या मात्रेचा हा धोका १९४५ सालींच सांगितला होता.

नवी मुंबई सखल किनाऱ्यावर वसली आहे. पावसाळी पाण्यासाठीं सिडकोनें धारण तलाव बांधले. ओहोटीस तें पाणी खाडींत सुटतें, भरतीस दारें समुद्राला अडवितात. जंतूंस अडविणें हें त्या दारांचें काम नव्हे. दुकान धुतलेलें पाणी गटारांत गेलें कीं, उंदीर, माशा आणि नाल्याच्या पाण्यावर पिकविलेली पालेभाजी यांच्या वाटेनें त्यांतील जंतु कोणाच्याही स्वयंपाकघरांत येऊं शकतात. नाल्यास सोंवळें-ओंवळें ठाऊक नसतें.

यांत विक्रेत्यास दोष देऊन भागणार नाहीं. त्यास पुरेसें पाणी, झांकणाचीं पिंपें व घाणीची रोजची निराळी उचल मिळाली पाहिजे. तशी मागणी महापालिकेकडे करणें हें प्रत्येक करदात्याचें काम आहे. घरीं पालेभाजी स्वच्छ पाण्यानें नीट धुवावी. मांसाहारी कुटुंबांनीं मांस पूर्ण शिजवावें. उष्णतेपुढें चिवट जंतूंचेंही कांहीं चालत नाहीं. वेष्टनावर तांबडी उभी रेघ असलेलें औषध डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय घेऊं नये. थोरल्या जावेच्या मुलाच्या उरलेल्या गोळ्या धाकटीच्या मुलास देण्याची चाल एकत्र कुटुंबांत दिसते, ती मोडावी.

घरांतील बाळंतिणीस जंतुबाधा होईल त्या दिवशीं औषध लागू पडावें, एवढ्यासाठीं तरी त्या बाजारांतील गटाराची चौकशी आपलीच आहे.