ब्रह्मपुरीचा पोसायडन आणि कल्याणचे बंदर

कल्याणच्या खाडीकाठी वाढलेल्या माझ्यासारख्याला ग्रीकांच्या समुद्रदेवाची भेट घ्यायला घाट चढून कोल्हापूर गाठावे लागले. टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाची ही काशाची मूर्ती वीतभरही नाही. दाढी, पिळदार अंग, उचललेला हात. त्यातले त्रिशूळ मात्र गेले आहे. गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ती सापडली. सोबत रोमन आरसा, सुरई आणि बरीचशी देशी भांडी होती. तिची पूजा झाली असेल, ती शोभेला ठेवली असेल, की मोडीच्या भावाने आली असेल? तांबे तर जहाजांतून येतच होते.

अशा वस्तूला ‘रोमन’ म्हटले की आपण मोकळे होतो. मला तिची वाट महत्त्वाची वाटते.

‘पेरिप्लस’ हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातले, इजिप्तकडून व्यापार करणाऱ्या कुणा ग्रीकभाषकाचे पुस्तक. त्यात आपले कल्याण ‘कल्लिएना’ म्हणून येते. थोरल्या सारगनच्या काळी (हा सातकर्णी असावा) ते रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे ते सांदनेसच्या हाती गेले आणि अडवणूक सुरू झाली. तेथे लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या ओढाताणीत बंदराचा गळा आवळला गेला, असे मला या मजकुरातून दिसते. पैठण आणि तेरचा मालही गाड्यांतून दूर भडोचलाच जाई, असे तोच लेखक सांगतो. नाणेघाट उतरले की कल्याण, तरीही!

म्हणून हा पोसायडन कल्याणला उतरला, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. सोपारा, चौल, भडोच हेही दावेदार आहेत. पण बंदर कायमचे बुडाले नव्हते. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे व्यापारी दान देताना भेटतात. गावावर गाव चढत गेलेल्या कल्याणचा पुरावा असा दुसऱ्यांच्या लेण्यांत आणि परक्यांच्या पुस्तकात शोधावा लागतो.

माल उलट दिशेनेही गेला. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ साली एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदन आणि तेर येथे तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या आहेत. तेरची मूर्ती तिथल्या लामतुरे संग्रहालयात पाहता येते.