अब्बांची नजर आणि संगणकावरचे पट्टे

माझा एक विद्यार्थी मंचरच्या बाजूचा. घरी डेंटिंगचं गॅरेज. दहावीनंतर त्याला संगणकावर मोटारींचं डिझाइन शिकायचं होतं. अब्बा म्हणाले, "सर, माऊस फिरवून पत्रा सरळ होतो का?"

प्रश्न रास्त होता. मी त्यांचंच काम पाहत बसलो. पत्रा ठोकला की ते त्यावरून तळहात फिरवत, मग वाकून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघत. प्रतिबिंबाची रेघ मोडली, म्हणजे खड्डा राहिला.

संगणकावर मोटारीचं बाह्यांग घडवणाराही हेच करतो. पडद्यावरच्या मॉडेलवर तो झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे पाडतो. दोन पृष्ठभाग नुसते टेकले असतील तर जोडावर पट्टे तुटतात. उतार जुळला तर पट्टे जुळतात, पण कोपरा पडतो. वक्रताही जुळली, की पट्टे सलग वाहतात. अशा निर्दोष पृष्ठभागाला 'क्लास ए' म्हणतात.

एवढा काटेकोरपणा कशाला? खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आठवा. त्या तर तारेच्या जाळीच्या. लांब रेडिओ लहरींना तेवढं पुरतं. प्रकाशाची लहर मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. चकचकीत रंगाखाली बारीकसा झोलही लपत नाही.

यामागचं गणितही मोटार कारखान्यांतच घडलं. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये, तर रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत घडवली. मोजके बिंदू सरकवायचे, वक्ररेषा त्यांच्या ओढीने वळते. नवशिके बिंदू वाढवत जातात आणि पृष्ठभाग लाटांनी भरतो. कमी बिंदूंत काम साधणं, हाच हुनर.

दहावीत गणित-विज्ञान असलेल्या मुलामुलींसाठी आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हा कोर्स चांगला पाया आहे. कॅटिया, एलियास ही सॉफ्टवेअर त्यानंतर. मोटारींचे कारखाने तर जवळच, चाकणला आहेत.

पुढे एकदा त्या मुलाने सरावासाठी केलेलं दाराचं मॉडेल लॅपटॉपवर अब्बांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, पट्टे न्याहाळले आणि एका जोडावर बोट ठेवलं. "इथे मोडतंय, बेटा."

मुलाला ते दिसलंच नव्हतं. तो निमूटपणे तिथला बिंदू सरकवू लागला. अब्बा हात पुसत माझ्याकडे वळले. "सर, फी कधी भरायची?"