करातून उभी राहणारी अग्निशमन सेवा

'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण आपण भलत्या जागी केलेल्या उपायासाठी वापरतो. ज्या गावाचा बंब दूरच्या शहरात उभा असतो, त्या गावाला मात्र ती शब्दशः लागू पडते. मोठ्या शहराला स्वतःचे अग्निशमन दल असते; शहराच्या हद्दीबाहेरील वस्त्यांनी काय करावे? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात या प्रश्नावर योजलेला एक उपाय म्हणजे 'फायर प्रोटेक्शन डिस्ट्रिक्ट', अर्थात अग्निसंरक्षण क्षेत्र. ग्रामीण भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना त्याची माहिती उद्‌बोधक ठरेल.

क्षेत्राची रचना

येथे 'डिस्ट्रिक्ट' या शब्दाने महसुली जिल्हा अभिप्रेत नाही. एका सेवेसाठी आखलेली हद्द, त्या हद्दीतून मिळणारा कर आणि त्या कराचा विनियोग करणारे मंडळ मिळून हे क्षेत्र बनते. त्याचा कारभार १९८७ च्या राज्य कायद्यानुसार चालतो. क्षेत्र स्थापण्याची मागणी तेथील मतदार अर्जाद्वारे करू शकतात, किंवा स्थानिक शासनसंस्था तसा ठराव करू शकते. प्रत्येक काउंटीत स्थानिक संस्थांच्या हद्दी ठरविणारा एक आयोग असतो. सेवेची गरज व उत्पन्नाची शक्यता तपासून तो निर्णय देतो.

मंडळावर ३ ते ११ सदस्य असतात. अनेक क्षेत्रांत ते मतदारांकडून निवडले जातात, तर काही ठिकाणी त्यांची नेमणूक होते. अंदाजपत्रक संमत करणे, केंद्रे उभारणे आणि दलप्रमुख नेमणे ही मंडळाची प्रमुख कामे होत.

केवळ आग विझविणे नव्हे

आग विझविण्याबरोबरच अपघातग्रस्तांची सुटका, तातडीची वैद्यकीय मदत, रुग्णवाहिका आणि घातक रसायनांच्या गळतीचा बंदोबस्त या सेवाही कायद्यानुसार क्षेत्राला देता येतात. अमेरिकेत अग्निशमन दलांकडे येणाऱ्या हाकांपैकी सुमारे दोन-तृतीयांश वैद्यकीय मदतीच्या असतात. त्या देशातील निम्म्याहून अधिक अग्निशामक हे स्वयंसेवक आहेत. आपल्या बळाबाहेरचे संकट आले, तर शेजारची दले धावून येतात. १९५० पासून कॅलिफोर्नियात परस्पर साहाय्याचा राज्यव्यापी करार अमलात आहे.

पैसा कोठून येतो?

उत्पन्नाचा मुख्य आधार मालमत्ता कर होय. १९७८ मध्ये मतदारांनी संमत केलेल्या घटनादुरुस्तीने या कराचा मूळ दर मूल्याच्या शेकडा १ इतका मर्यादित केला आहे. एखाद्या घराचे करपात्र मूल्य ५ लाख डॉलर असल्यास मूळ कर वर्षाला ५ हजार डॉलर होतो. तो शाळा, काउंटी व इतर संस्थांत वाटला जातो. समजा, अग्निसंरक्षण क्षेत्राचा वाटा शेकडा १० असला, तर त्याला ५०० डॉलर मिळतील. हा पैसा आग लागो वा न लागो, दरवर्षी द्यावाच लागतो. कारण खर्च मुख्यतः सज्जतेचा असतो.

व्यवस्थेतील उणिवा

ही व्यवस्था निर्दोष नाही. कराच्या वाटणीचे प्रमाण १९७० च्या दशकातील स्थितीवरून ठरलेले आहे. त्या काळी स्वयंसेवकांवर भिस्त ठेवून अल्प कर घेणाऱ्या क्षेत्राचा वाटा, वस्ती कितीही वाढली तरी, लहानच राहतो. मंडळाने विशेष कर सुचविल्यास त्याला दोन-तृतीयांश मते लागतात. शंभरांपैकी ६४ मतदार अनुकूल असले तरी प्रस्ताव फेटाळला जातो आणि प्रसंगी केंद्र बंद करण्याची वेळ येते.

आपल्यासाठी बोध

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या विषयांत, अग्निशमन सेवेचा समावेश आहे. पंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत तो नाही. त्यामुळे कडब्याची गंजी, गोठा वा उभा ऊस पेटला, की गावाला बहुधा जवळच्या नगरपरिषदेच्या किंवा साखर कारखान्याच्या बंबाची वाट पाहावी लागते.

कॅलिफोर्नियातील करव्यवस्था जशीच्या तशी येथे आणता येणार नाही. तेथील उत्पन्न व कायदे वेगळे आहेत. परंतु एकेका गावाला न पेलणारा खर्च अनेक वस्त्यांनी मिळून उचलावा, हे तत्त्व सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला परके नाही. ग्रामसभेत या विषयाची चर्चा करताना तीन प्रश्न आधी विचारावेत : बंब किती गावांसाठी असेल, त्याचा वर्षभराचा खर्च कोण देईल आणि तो वेळेवर न आल्यास जाब कोणाला विचारावयाचा? या प्रश्नांची उत्तरे आग लागण्यापूर्वीच ठरलेली असावयास हवीत.