गणवेशातल्या वर्गापुढे उभा राहणारा भौतिकशास्त्रज्ञ

1875 साली अमेरिकेच्या नौदलाने आल्बर्ट मायकेलसन नावाच्या तरुण अधिकाऱ्याला अॅनापोलिसच्या नेव्हल अकादमीत परत बोलावले आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र शिकवायला उभे केले. ना जाहिरात, ना मुलाखत. हुकूम आला आणि तो रुजू झाला. दोनच वर्षांपूर्वी तो याच संस्थेतून बाहेर पडला होता. त्याच्या 29 जणांच्या तुकडीत प्रकाशशास्त्रात तो पहिला आला होता आणि नौकानयनात पंचविसावा. अशा माणसाला बोटीवर ठेवण्यात नौदलाचे नुकसानच होते.

विभागप्रमुख विल्यम सॅम्पसन यांनी त्याला सुचवले की, प्रकाशाचा वेग मोजण्याचा फूकोचा फिरत्या आरशाचा प्रयोग विद्यार्थ्यांना वर्गात करून दाखव. तयारी करताना मायकेलसनच्या लक्षात आले की, भिंगाची जागा बदलली तर प्रकाशाला कितीतरी लांब धाडता येईल. पहिले उपकरण त्याने दहाएक डॉलरमध्ये जुळवले. मग सासऱ्यांनी दोन हजार डॉलर दिले आणि 1879 मध्ये अकादमीच्या समुद्रभिंतीलगत, सुमारे दोन हजार फुटांच्या अंतरावर, मोजणी झाली. उत्तर आले सेकंदाला सुमारे 2,99,900 किलोमीटर. आज आपण 2,99,792 मानतो. म्हणजे चूक हजारात एकाहूनही कमी. हा प्रयोग संशोधन संस्थेत सुचलेला नव्हता, तो तासाच्या तयारीतून निघाला होता. पुढे 1881 मध्ये मायकेलसनने नौदल सोडले आणि 1907 मध्ये त्याला नोबेल मिळाले.

लष्करी महाविद्यालयांची अडचण इथेच दिसते. हुशार माणूस हुकमाने आणता येतो, टिकवता येत नाही.

मुळात या नोकरीचे स्वरूपच वेगळे आहे. अॅनापोलिसमध्ये इतिहास घेतलेल्या विद्यार्थ्यालाही कलनावर आधारलेले भौतिकशास्त्र दोन सत्रे शिकावेच लागते. शिक्षक आत आला की वर्गप्रमुख सावधानचा हुकूम देतो आणि हजेरी कळवतो. पदव्युत्तर विद्यार्थी नसल्यामुळे प्रयोगशाळा सांभाळायला किंवा उत्तरपत्रिका तपासायला हाताखाली कोणी नसते. सगळे प्राध्यापकानेच करायचे. वर्ग वीस-पंचवीसांचा, त्यामुळे मागच्या बाकावर लपायची सोय विद्यार्थ्याला नाही आणि शिक्षकालाही नाही. समोरचा मुलगा पहाटेपासून कवायत करून आलेला असतो. त्याचे डोळे मिटू लागले तर तो दोष विषयाचा की झोपेचा, हे ओळखणे हीदेखील अध्यापनकलाच.

मग माणसे आणायची कुठून? वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीने आपल्या अधिकाऱ्यांवर भिस्त ठेवली. सेवेतला कॅप्टन निवडायचा, सरकारी खर्चाने दोन वर्षे नामांकित विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाला पाठवायचा, मग साधारण तीन वर्षे शिकवायला लावून पुन्हा पलटणीत धाडायचा. कॅडेटला समोर आपलाच थोरला भाऊ दिसतो, हा मोठा फायदा. पण शिकवण्यावर हात बसेपर्यंत बदलीचा कागद येतो. तिथे नागरी प्राध्यापकांचे प्रमाण वाढले ते 1990च्या दशकात, अमेरिकी काँग्रेसने तसा मार्ग मोकळा केल्यावर. अॅनापोलिसने मात्र अधिकारी आणि नागरी प्राध्यापक साधारण निम्मे-निम्मे ठेवण्याची परंपरा जपली आहे. तिथल्या कायम नागरी पदासाठी डॉक्टरेट लागते. मला हीच रीत अधिक शहाणपणाची वाटते, कारण प्रयोगशाळेची आठवण कोणीतरी वीस वर्षे सांभाळावी लागते.

संशोधनाची हौस असलेल्याला अशा ठिकाणी काय मिळते? महागडी यंत्रे आणि विद्यार्थ्यांची फौज मिळत नाही. पण अॅनापोलिसमध्ये 1963पासून चालू असलेल्या ट्रायडंट योजनेत निवडक विद्यार्थी शेवटचे वर्ष प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली स्वतंत्र संशोधनाला देतात. ज्याला हे पुरेसे वाटते, त्यानेच तिथे अर्ज करावा.

आता आपल्या खडकवासल्याकडे येऊ. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला 6 ऑक्टोबर 1949 रोजी नेहरूंनी बसवली. इथे शिकणाऱ्यांना जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. नौदल आणि हवाई दलाच्या उमेदवारांना बारावीला भौतिकशास्त्र असावेच लागते. सायकलींच्या रांगेतून वर्गाकडे निघालेले कॅडेट पुणेकरांना कौतुकाचे; रात्रीचा ‘रगडा’ (शिक्षेची कसरत) मात्र त्यांच्या शिक्षकांनाच जाणवत असणार. प्रबोधिनीत विषय शिकवण्याचा मुख्य भार नागरी प्राध्यापकांवर आहे आणि त्यांची निवड केंद्रीय लोकसेवा आयोग करतो. आयोगाची सरळ भरतीची सर्वसाधारण पद्धत म्हणजे अर्जांची छाननी, गरज वाटल्यास चाचणी, आणि मुलाखत. टेबलापलीकडच्या तज्ज्ञांना उमेदवाराचे ज्ञान कळते. दमलेल्या वीस मुलांना तो कोनीय संवेग समजावू शकेल का, हे टेबलावर कसे कळणार? अमेरिकेतल्या अध्यापनप्रधान महाविद्यालयांत उमेदवाराला प्रत्यक्ष तास घ्यायला लावण्याची प्रथा रुळलेली आहे. आयोगाने अंतिम यादीतल्या मोजक्यांना एक दिवस खडकवासल्याला बोलवावे, खऱ्या कॅडेटांपुढे एक तास आणि एक प्रात्यक्षिक घ्यायला लावावे आणि त्याला गुण द्यावेत. यात फारसा खर्च नाही.

महाराष्ट्रात भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करून तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारी माणसे कमी नाहीत. वीस मुलांचा वर्ग हाताळण्याची सवय त्यांच्या अंगात मुरलेली आहे. प्रबोधिनीच्या जागांच्या जाहिराती आयोगाच्या संकेतस्थळावर निघतात. त्यांनी त्यांवर नजर ठेवावी आणि अर्ज जरूर करावा.