देव कुठला आहे तिथं?

आमच्या बचत गटाची सहल अलिबागला काढायची ठरली, तेव्हा प्रत्येकीच्या घरी एकच प्रश्न आला, "देव कुठला आहे तिथं?" तुकोबांची पालखी दरवर्षी आमच्या लोणी काळभोरला मुक्कामाला असते. आम्ही भाकरी थापतो, वारकऱ्यांना वाढतो, पालखी पुढं गेली की भांडी घासतो. आणि बायकांनी निव्वळ समुद्र बघायला जायचं? शेवटी कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीचं नाव सांगितलं. राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेलं देऊळ आहे ते, म्हणजे खोटं काही नव्हतं!

उत्तर कोकणच्या या किनाऱ्यालगत बरीच बेटं आहेत. कुलाब्याला ओहोटीत चक्क चालत जाता येतं. मात्र ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते, तेव्हा मैत्रिणींनो, तिथल्या माणसांना विचारूनच पाण्यात पाऊल टाका. एरवी गॅसवर दूध ठेवून गप्पा मारणाऱ्या आम्ही, त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. चहूकडे खारं पाणी, पण किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे.

मग थळहून होडीनं खांदेरीला निघालो. आमच्यातल्या साठीच्या मावशी माहेर आणि पंढरपूर सोडून कुठं गेलेल्या नाहीत. मुलगा 'कशाला?' म्हणाला, तर त्यांनी गटातले स्वतःचे पैसे काढले. होडीत माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या.

खांदेरीवर मी वाचलेलं सांगितलं. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी इथं तट बांधायला घेतला, मायनाक भंडारी प्रमुख होते. मुंबईच्या इंग्रजांनी गलबतं आणून कोंडी केली, तरी किनाऱ्यावरून रात्री लहान होड्यांतून रसद पोचतच राहिली. पुढं सिद्दीनं शेजारची उंदेरी धरली, तरी खांदेरी हलली नाही. २०२५ मध्ये 'युनेस्को'च्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत ती आहे.

मावशी म्हणाल्या, "रसद म्हंजी भाकरी-पीठच ना? मग दळणारी, थापणारी कुणीतरी होतीच की किनाऱ्यावर."

इतकी पुस्तकं वाचून माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

रात्री घरी पोचले. सासूबाईंनी प्रसाद मागितला, नारळाचा तुकडा हातावर ठेवला. बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "पाणी खरंच खारट असतं का गं?"